उम्म यूसुफचं अरफज

गुरुवार, १० जून २००४

ही डायरी बदरुद्दीनभाईंनी जानेवारीत दिली होती. त्यांच्या बकाल्यात, म्हणजे आमच्या कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानात, साबणाच्या खोक्याबरोबर ती फुकट आलेली. पाच महिने फोनखाली पडून होती. आज पहिल्यांदाच तिच्यात काही लिहावंसं वाटतंय, कारण घरात एक पाहुणा आला आहे.

आमच्या घरमालकीणबाई सकाळी लंडनला गेल्या. गुडघ्याचं ऑपरेशन आहे. त्यांचं नाव आमिना, पण ते फक्त विजेच्या बिलावर दिसतं. थोरल्या मुलाच्या नावावरून कुवेतमधलं हे आमचं सगळं फिंतास गाव त्यांना उम्म यूसुफ म्हणतं. त्यांचे वडील गलबत घेऊन मुंबईला जायचे, म्हणून त्यांना थोडं हिंदी येतं, आणि मला ते त्यांच्याच तोंडून सगळ्यात गोड वाटतं.

यूसुफ बॅगा गाडीत टाकत होता आणि त्या काठी टेकत एक कुंडी घेऊन आमच्या जिन्याच्या पहिल्या पायरीशी उभ्या.

"मुक्ता, ये तू रख. मैं आएगी तब लेगी."

कुंडीत हातभर उंचीचं झुडूप. अरफज म्हणतात त्याला. सगळा बारीक काटक्यांचा पसारा, मधूनमधून छोटी पानं आणि शेंड्यांवर तीन पिवळी फुलं. शेवंतीच्या कुळातलं असणार, पण शेवंतीची सगळ्यात धाकटी, कुणी फारसं लक्ष न दिलेली बहीण वाटावी असं.

"पहले हम बर्र में जाता था, तंबू लेके," त्या म्हणाल्या. बर्र म्हणजे वाळवंट. "अब घुटना नहीं जाने देता. यूसुफ ये लाया. ये मेरा बर्र है."

मी विचारलं, याला काय काय करायचं?

"क्या करना? अरफज है," असं म्हणून त्या गाडीत बसल्या.

आता काय करायचं ते मीच ठरवायला हवं. पण देवगडची मुलगी मी. झाड वाढवायचं कसं हे मला कुणी शिकवावं लागणार नाही.

शनिवार, १९ जून

फुलं गळली. ऊन फार आहे. बाल्कनीत झारी ठेवली आहे, सकाळ-संध्याकाळ पाणी घालते. दुपारी जाता-येता थोडं थोडं घालते, ते वेगळं.

नवरोबा दत्तप्रसाद म्हणाला, "माझ्या चहाची तुला एवढी आठवण राहिली तर बरं होईल."

मी म्हटलं, "तू परक्याची ठेव नाहीस."

गुरुवार, ८ जुलै

पानं पिवळी पडून गळायला लागली आहेत. मी घाबरले आणि फखरुन्निसाला बोलावलं. ही बदरुद्दीनभाईंची बायको, हर्णैची, आमच्या वरच्या मजल्यावर राहते. कोकणातलं माणूस वरच्या मजल्यावर असलं की डॉक्टरची गरज पडत नाही.

तिने कुंडीभोवती एक फेरी मारली. "अगो, हा खंगलाय. खायला काय घालतेस याला?"

"पाणी."

"नुसता पाणी? आमच्याकडे माडाला मासळी धुतलेला पाणी घालतात. माड बघ कसे वर जातात."

संध्याकाळी ती पापलेट धुतलेलं पाणी पातेलीभर घेऊन आली. दोघींनी मिळून घातलं. दत्ता कामावरून आला, दारातच थांबला, म्हणाला, "घर चुकलं वाटतं माझं. इथे बंदर लागलंय."

आमच्या लेकीने, तेजस्वीने, नाक धरून दार लावून घेतलं. तिचं सगळं लक्ष ॲडमिशनकडे. सांगलीच्या कॉलेजात नाव लागलं आहे. महिनाअखेर निघायचं.

शनिवार, १७ जुलै

ताकही घालून पाहिलं. दुपारच्या उन्हासाठी जुन्या साडीचा आडोसा बांधला. आता एकही पान नाही. नुसत्या करड्या काटक्या. मातीत बोट घातलं तर चांगली ओली आहे, तरी वाळतंय. याला काय हवंय तेच कळत नाही. काही बोलत नाही, मागत नाही.

मंगळवार, २७ जुलै

दत्ता तेजस्वीला सोडायला गेला. माझा पासपोर्ट इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, नवीन करायला दिलेला, म्हणून मी राहिले. विमानतळावर ती म्हणाली, "आई, प्लीज, रडू नकोस, इट्स ओन्ली सांगली." मी रडले नाही. घरी येऊन तिच्या खोलीतला एसी बंद केला, मग पुन्हा चालू केला. मग बाल्कनीत जाऊन कुंडीत पाणी घातलं.

शनिवार, १४ ऑगस्ट

रोज फोन करते. होस्टेलचा फोन रेक्टरच्या खोलीत आहे. रेक्टरबाई शिपायाला पाठवतात, शिपाई हाका मारतो, ती तीन मजले उतरून येते, तोवर माझ्या फोनकार्डावरचे निम्मे पैसे संपलेले.

आज मी विचारलं, जेवलीस का, दूध पितेस का, डोक्याला तेल लावतेस का, मैत्रिणी मिळाल्या का, गादी कडक आहे का.

"आई, आय ॲम फाइन. सगळं ओके आहे." मग थोडं थांबून, "आई, रेक्टर मॅडम चिडतात गं. रोज नको करूस ना."

पूर्वी एक विचारलं की दहा सांगायची. आता दहा विचारलं तरी एक सांगत नाही. फखरुला सांगितलं तर ती म्हणाली, "खायला पाठव कायतरी." उद्या लाडू करायला घेते. दत्ताचे एक सहकारी परवा पुण्याला निघालेत, त्यांच्याबरोबर देता येतील. मागच्या आठवड्यातलेही अजून तिच्याकडे असतील, पण असू देत.

बुधवार, १ सप्टेंबर

लंडनहून यूसुफचा फोन. ऑपरेशन छान झालं. मग त्याने फोन आईला दिला.

"मुक्ता, मेरा बर्र कैसा?"

समोर बाल्कनीत त्या काटक्या. मी म्हटलं, "झेन, झेन. एकदम झेन." म्हणजे छान, मजेत. त्या इतक्या खूश झाल्या की फोनवरच मला दुवा देऊ लागल्या. रमजानच्या आधी येणार आहेत.

फोन ठेवला. त्या बाई खाटेवर पडून त्या झुडपाचा विचार करतायत, आणि मी ते मारून ठेवलंय. पुन्हा वाळवंटात तंबू ठोकून राहणं त्यांना जमणार नाही. कुणी भरवशाने एकुलती एक गोष्ट आपल्या हातात द्यावी आणि आपण तीच घालवावी. त्या रागावल्या तर सोसेन. त्या काहीच बोलल्या नाहीत तर काय करू?

शुक्रवार, १० सप्टेंबर

आज मोहीम. कल्पना माझी, गाडी बदरुद्दीनभाईंची. वाळवंटात जायचं, दुसरं अरफज खणून आणायचं आणि कुंडीत लावायचं. सांगायचं की नाही ते नंतर बघू.

भाईंचा वानेत म्हणजे मागे-पुढे सीट असलेला पिकअप. पहाटेच निघालो, आम्ही दोघं आणि ती दोघं. फखरुने थर्मासमध्ये चहा घेतला होता आणि कोलीमची, म्हणजे बारक्या सुक्या कोळंबीची, चटणी लावलेल्या पोळ्या. वफ्राच्या रस्त्याला लागून तास झाला असेल, भाई रस्ता सोडून वाळूत शिरले.

अरफज होती. हवी तेवढी होती. डोळा जाईल तिथपर्यंत गोलगोल झुडपं, आणि सगळीच्या सगळी करडी, वाळलेली, पानाचा पत्ता नाही. हुबेहूब आमच्या कुंडीतल्यासारखी.

चौघंही खाली उतरून बघत राहिलो.

"हितं तर सगळीच मेलीत गो," फखरु म्हणाली.

"यंदा काहीतरी रोग आला असणार," मी म्हटलं.

दत्ताने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि शांतपणे मला विचारलं, "तू इथेही येऊन पाणी घालून गेलीस काय?"

भाई इतके हसले की गुडघ्यांवर हात टेकून उभे राहिले. मलाही हसू आलं, पण मनात जरा सुटल्यासारखंही वाटलं. म्हणजे चूक माझी एकटीची नाही. साल वाईट आहे.

मग फखरुलाच एक हिरवंगार झुडूप दिसलं. जाडसर, रसाळ, टवटवीत. हेच एक वाचलेलं दिसतंय, असं आमचं एकमत झालं. भाई खणत राहिले, मूळ संपेचना. शेवटी अर्धं तुटलं. ओल्या गोणपाटात गुंडाळून आणलं आणि संध्याकाळी कुंडीत लावलं. जुनं मातीच्या गोळ्यासकट काढून तेलाच्या रिकाम्या डब्यात ठेवलं. दत्ता म्हणाला, आता कचऱ्यात टाक. माझा हात होईना.

बुधवार, २२ सप्टेंबर

काल गौरी गेल्या. माझ्या माहेरी तेरड्याच्या गौरी असतात, ओहोळाकाठची रानरोपं मुळासकट उपटून घरात वाजतगाजत आणायची. इथे तेरडा कुठला? बदरुद्दीनभाई दरवर्षी आठवणीने माझ्यासाठी पुदिन्याची मुळं असलेली जुडी बाजूला काढून ठेवतात. "देवीची भाजी आलीय हां," असा निरोप येतो. गेली कित्येक वर्षं आमची गौर पुदिन्याचीच. नैवेद्याबरोबर घरभर वासही चांगला येतो.

संध्याकाळी ती जुडी समुद्रात सोडायला आम्ही दोघं गुपचूप किनाऱ्यावर जातो. काल मी तेलाचा डबाही बरोबर घेतला. घरात तीन महिने राहिलेलं, आपल्या हातचं पाणी प्यालेलं झुडूप. त्याला गौरीबरोबरच पोचवावं असं मला वाटलं. मुळासकट आलेलं मुळासकट पाण्यात जावं.

दत्ता डबा उचलून चालू लागला. पण किनाऱ्यावर बघतो तर ओहोटी. फिंतासची ओहोटी म्हणजे समुद्र पार दूर गेलेला, मध्ये नुसता चिखल. पुदिना तिथल्याच एका डबक्यात सोडला. त्याला तेवढं पुरलं. डब्याकडे बघून दत्ता म्हणाला, "याला पाण्यापर्यंत न्यायचं तर इराणपर्यंत चालावं लागेल. मी चाललो घरी."

डबा परत आणला. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या आड ठेवून दिला. भरती बघून पुन्हा नेऊ.

शुक्रवार, १ ऑक्टोबर

भरतीची वेळ रोज चुकते. कधी मी विसरते, कधी दत्ता उशिरा येतो. डबा गच्चीवरच आहे. त्याला आता पाणी घालायचा प्रश्नच नाही.

कुंडीतलं नवीन जरा मलूल झालंय, पण हिरवं आहे. पान तोडून चाखलं तर खारट लागलं. कदाचित मासळीच्या पाण्यामुळे असेल.

सोमवार, ११ ऑक्टोबर

उम्म यूसुफ आल्या. चाकांच्या वॉकरच्या आधाराने चालतात, पण चालतात. त्यांच्या अंगणात खुर्ची टाकलेली, मी कुंडी घेऊन खाली गेले. पाठीमागून फखरुही आली, मदतीला म्हणून, पण खरं म्हणजे बघायला.

त्यांनी कुंडीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा कुंडीकडे.

"ये कौन है?"

"अरफज," मी म्हटलं.

"ये अरफज?" त्या खुर्चीत मागे रेलल्या आणि त्यांचं सगळं अंग हलू लागलं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "ये रिम्थ है, मुक्ता. ये ऊँट खाता है, नमक के वास्ते. तू मेरे लिए ऊँट का खाना लाई?"

फखरु पदरात तोंड लपवून हसत होती. मी नाही हसू शकले. त्यांचं हसणं थांबलं.

"मेरा किधर है?"

मग मी सगळं सांगितलं. हिंदीत, अरबीत, हातवाऱ्यांनी. रोजचं पाणी, मासळीचं पाणी, ताक, साडीचा आडोसा, टेलिफोनवरचं ते झेन झेन, वाळवंटातली मोहीम आणि शेवटी समुद्र.

समुद्राचं ऐकून त्यांचा हात खुर्चीच्या दांड्यावर थांबला. "बहर में, समंदर में डाला?"

"नाय, नाय," फखरु मध्येच बोलली, "पानी बहुत दूर था, खाला. वापस लाई. ऊपर है."

दत्ता घरीच होता, त्याने डबा खाली आणला. त्या वाकल्या, एक काटकी नखाने हळूच खरवडली, वास घेतला, दुसरी खरवडली. मग तिसरी. मी मनातल्या मनात गणपतीला एकवीस मोदक कबूल केले.

"गरमी में अरफज सोता है," त्या म्हणाल्या. "पूरा बर्र सोता है. पत्ता गिराता है, सो जाता है. बारिश आती, उठता है. तू सोने वाले को पानी पिलाती रही. इतना पानी." त्यांनी हाताने एवढा मोठा हंडा दाखवला. "अब मालूम नहीं. जड़ सड़ गया, तो नहीं उठेगा. बारिश आने दे."

रागावल्या नाहीत. डबा आपल्या खुर्चीशेजारी ठेवून घेतला आणि मला ताकीद दिली की याच्या जवळ झारी घेऊन दिसायचं नाही.

वाळवंटातली ती सगळी मैलभर झुडपं. आणि आम्ही मधोमध उभे राहून त्यांच्या मरणावर चहा प्यालो.

गुरुवार, २१ ऑक्टोबर

जाता-येता डब्याकडे लक्ष जातं. तीच करडी काटकी. आज चालता चालता हातातला पाण्याचा ग्लास जरासा कलला, एवढंच. वरून आवाज आला, "मैं देखती हूँ." खिडकीत उम्म यूसुफच्या सूनबाई. माझ्यावर पहारा बसवला आहे.

या आठवड्यात सांगलीला फोन केला नाही. रमजानमुळे सगळ्या वेळा बदलल्यात, जमलंच नाही.

सोमवार, १ नोव्हेंबर

आज मुद्दाम फोनपासून लांब बसले. शेवयांचं पाकीट निवडलं. शेवया कुणी निवडत नाही, तरी निवडल्या.

रविवार, १४ नोव्हेंबर

परवा दिवाळी, आज ईद. फखरुच्या घरच्या शीरखुर्म्याबरोबर आमच्या चकल्या, आणि उम्म यूसुफच्या ताटात दोन्ही. त्यांना चकली फार आवडते, पण म्हणतात ती मोडायला लंडनचे दात हवेत.

मी विचारलं, "कुछ हुआ?"

त्यांनी डब्याकडे बघितलं, खांदे उडवले. ईदच्या दिवशी त्यांना असं खांदे उडवावे लागले, ते मला लागलं.

रात्रीचं जेवण आटपतंय तोच फोन. तेजस्वी. स्वतःहून, एसटीडी बूथवरून.

"आई, तू बरी आहेस ना? फोनच करत नाहीस. आर यू अँग्री?"

मी म्हटलं, नाही गं, म्हटलं तू कामात असशील.

मग ती बोलत सुटली. रूममेटचं नाव स्वरा, ती झोपेत गाते. मेसमधली आमटी म्हणजे पिवळं पाणी. पहिल्या परीक्षेत गणितात गडबडली, रडली, मग दुसऱ्यात सावरली. लाडू सगळ्या मजल्याने खाल्ले. मी फक्त हं म्हणत होते. शेवटी तिचेच पैसे संपले.

फोन ठेवल्यावर दत्ताने विचारलं, "काय म्हणाली?" मला सगळं सांगायला अर्धा तास लागला.

शुक्रवार, १९ नोव्हेंबर

पाऊस. इथला पाऊस म्हणजे आकाशाने जरा खोकावं तसा, पण आज दुपारपासून चांगला पडला. गल्लीतली पोरं ओरडत भिजली. खिडकीतून बघितलं तर उम्म यूसुफ अंगणात, डोक्यावर अबाया ओढून, डबा पायाने ढकलत ढकलत पन्हाळीखालून बाजूला सरकवत होत्या. उघड्यावर ठेवला, पण धारेखाली नाही. मी खाली गेले नाही. माझे हात मला माहीत आहेत.

मंगळवार, ३० नोव्हेंबर

सकाळी पोहे परतत होते आणि खालून हाक, "मुक्ता. या मुक्ता."

तशीच उलथनं घेऊन धावले. त्यांनी मला जवळ ओढलं आणि बोटाने दाखवलं. काटकीच्या बगलेत मोहरीएवढं हिरवं. एकच. मग बारकाईने पाहिलं तर आणखी एक, बुंध्याशी. एक बाजू मात्र गेली आहे, ती नाही उठायची. ती मासळीची बाजू, असं फखरुचं मत. स्वतःचीच मासळी, पण खरं बोलते बिचारी.

उम्म यूसुफने माझा गाल थोपटला. "आधा तूने मारा," त्या म्हणाल्या, "आधा तेरे से बच गया."

पोहे करपले. दत्ताने तेच दोनदा वाढून घेतले, म्हणजे त्यालाही आनंद झाला असणार.

शुक्रवार, ८ एप्रिल २००५

वर छापलंय गुरुवार. गेल्या वर्षीच्या डायरीचं एप्रिलचं पान कोरं होतं, तेच वापरतेय. तारीख जुळते, वार जुळत नाही. चालेल.

आज यूसुफ आम्हा सगळ्यांना बर्रमध्ये घेऊन गेला. पुढच्या सीटवर उम्म यूसुफ, नवीन गुडघा पसरून. मागे फखरु आणि मी, आणि बदरुद्दीनभाई नि दत्ता वानेतमधून. भाईंनी बरोबर तीच जागा शोधून काढली. आमचाच खड्डा होता, अर्धा बुजलेला.

आणि सगळीकडे पिवळं. डोळा जाईल तिथपर्यंत ती छोटी छोटी फुलं, वाऱ्याने सगळी एकदम डोलणारी. फखरु खाली उतरली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सगळी उठली गो. लबाड कुठली."

उम्म यूसुफना गालिच्यावर बसवलं. त्यांनी एक फूल तोडून कानामागे खोचलं, आणि मुलीसारख्या दिसल्या. अंगणातल्या डब्यातही फुलं आलीत, उरलेल्या अर्ध्या बाजूला. ती मी मोजली नाहीत.

परतताना त्यांनी सांगितलं, जूनमध्ये दुसरा गुडघा. पुन्हा लंडन. "डिब्बा रखेगी?"

मी म्हटलं, रखेगी.

"क्या करेगी?"

मी दोन्ही हात उघडे करून दाखवले. रिकामे. त्या समाधानाने मान हलवून डोळे मिटून बसल्या, घर येईपर्यंत.

आत्ता तेजस्वीचा फोन येऊन गेला. उन्हाळ्यात कुवेतला यावं की स्वराच्या गावी राहावं, तिचं ठरत नाहीये. मी म्हटलं, ठरव सावकाश. मग ती स्वराच्या गावचं सांगत राहिली, नदीचं, होडीचं. ऐकता ऐकता झारीकडे लक्ष गेलं. ती बाल्कनीतच आहे, कोरडी. तिच्यात आज फखरुने सहलीहून आणलेले चमचे ठेवलेत.